ऐकणाऱ्यांचा हिशेब पटलावर ठेवा: विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सत्ताधारी बाकांना आहे, तसंच विरोधी बाकांनाही. गेल्या दहा-अकरा वर्षांत या राज्यातला जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष कधी सत्तेत बसला, कधी विरोधात. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते अमुक एका पक्षावर ढकलून कुणाला मोकळं होता येणार नाही.

माझी मागणी एकच आहे. राज्य सरकार वर्षभरात किती फोन ऐकण्याचे आदेश काढतं, त्यांतले किती आदेश आढावा समिती रद्द करते, आणि त्याच वर्षी सरकार स्वतःच्या प्रसिद्धीवर कुठे, कुणाला, किती पैसे देतं, हा सगळा हिशेब दर वर्षी दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवला जावा. कुणाचा फोन ऐकला ते विचारत नाही. कोणत्या गुन्ह्याचा तपास चालू आहे तेही विचारत नाही. फक्त आकडे मागतो आहे.

फोन ऐकणं आणि जाहिराती देणं यांची सांगड कशाला, असं कुणालाही वाटेल. मी एका जिल्ह्याच्या गावी वृत्तपत्रात काम करतो. या दोन्ही गोष्टींचा परिणाम मला एकाच ठिकाणी दिसतो: माणसं काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात, तिथे. सरकारचं बोलणं चौकाचौकांत फलकांवर असतं, सरकारचं ऐकणं गुपचूप चालतं. एकच गोष्ट सकाळ-संध्याकाळ कानावर पडत राहिली, आणि वेगळं काही बोलावं तर आपल्यावर कुणाचा तरी डोळा आहे असं वाटत राहिलं, की बंदीहुकूम काढायची गरजच उरत नाही. माणूस आपणहून गप्प बसतो.

या देशात हे दोन्ही उघडपणे एकत्र आले ते आणीबाणीत. दर जूनमध्ये तिच्याबद्दल भाषणं होतात, आणि ती झालीच पाहिजेत. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना महाराष्ट्र सरकार मानधन देतं. 2018मध्ये ते सुरू झालं, 2020मध्ये दुसऱ्या सरकारने बंद केलं, 2022मध्ये तिसऱ्याने पुन्हा सुरू केलं आणि 2025मध्ये ते दुप्पट झालं. मानधनाला माझा विरोध नाही. पण तुरुंगांच्या आठवणीत त्या एकवीस महिन्यांतली दुसरी बाजू झाकली जाते. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे 'मिसा' या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली 34,988 आणि भारत संरक्षण नियमांखाली 75,818 माणसं आत गेली. बाहेर राहिलेल्या कोट्यवधींच्या डोक्यात काय जावं, याचीही व्यवस्था त्याच वेळी चालू होती.

25 जून 1975च्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. दुसऱ्या दिवशी सेन्सॉरशिपचा आदेश निघाला. काही वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर कोरी जागा सोडायलाही मनाई झाली. सरकारला नुसतं विरोधी लिखाण नको होतं असं नाही. इथे काहीतरी कापलं गेलं आहे, हेसुद्धा वाचकाला कळायला नको होतं. मला यात त्या सगळ्या काळाचं मर्म दिसतं. पान भरलेलं दिसलं पाहिजे, घडी नीट पडली पाहिजे, आणि सकाळी चहाबरोबर पेपर हातात घेणाऱ्याला काही राहून गेल्याची शंकाही येता कामा नये.

पुढे चार वृत्तसंस्था मोडून 1976च्या फेब्रुवारीत 'समाचार' नावाची एकच संस्था केली गेली. प्रेस कौन्सिल बरखास्त झाली. संसदेत काय बोललं गेलं ते निर्धास्तपणे छापता यावं म्हणून फिरोज गांधींनी 1956मध्ये खासगी विधेयक आणून जो कायदा करून घेतला होता, तोही रद्द झाला. सभागृहात तुमच्यासारखे लोकप्रतिनिधी काय बोलले, ते छापायचीही चोरी झाली. किशोर कुमार यांनी सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमांना सहकार्य केलं नाही म्हणून आकाशवाणीवरून त्यांची गाणी गायब झाली. आणि शहा आयोगासमोर आलेली एक गोष्ट मी आमच्या धंद्यातल्या प्रत्येक तरुणाला सांगतो. माहिती आणि नभोवाणी मंत्रालयाने वृत्तपत्रांची वर्गवारी केली होती: मित्र, तटस्थ आणि शत्रू. सरकारी जाहिराती त्या हिशेबाने वाटल्या जात.

याच काळात मुंबईत एक निकाल लागला. तो शाळेच्या पुस्तकात असायला हवा, असं माझं मत आहे. मिनू मसानी 'फ्रीडम फर्स्ट' नावाचं छोटं मासिक चालवत. सेन्सॉर अधिकारी बिनोद राव यांनी त्यातल्या अकरा मजकुरांना परवानगी नाकारली. मसानी उच्च न्यायालयात गेले. 1976च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती दि. प्र. मदन आणि न्यायमूर्ती म. हि. कानिया यांच्या खंडपीठाने मसानींच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या वृत्तपत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडं वळवायला लावणं, एका रांगेत चालवणं, एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. जनमत एकाच साच्यात ओतण्यासाठी आणि वृत्तपत्रांना लोकांचा बुद्धिभ्रंश करण्याचं हत्यार बनवण्यासाठी त्याला अधिकार दिलेले नाहीत, असंही त्यांनी बजावलं. तारखेकडे लक्ष द्या. आणीबाणी संपायला अजून वर्षभर होतं. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागण्याचाच हक्क नाही असा निकाल दिला, आणि तिथे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले.

त्याच्या थोडं आधी, डिसेंबर 1975मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. संमेलनाचे स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. आपल्या राज्यात न्यायाधीशही बोलले आणि लेखिकाही बोलली. आज असं काही झालं तर कोण बोलेल, याचा विचार मी करतो. त्या बोलण्याची वेळच येऊ नये म्हणून आज काय करता येईल, याचा विचार तुम्ही करावा, अशी विनंती आहे.

आता आजचं. 2025च्या मार्चमध्ये राज्य सरकारने माध्यम संनियंत्रण केंद्र उभारण्याचा शासन निर्णय काढला. तरतूद 10 कोटी रुपयांची. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या देखरेखीखाली हे केंद्र सकाळी 8 ते रात्री 10 चालणार, छापील आणि दूरचित्रवाणी माध्यमांतल्या सरकारविषयीच्या बातम्या गोळा करणार, आणि त्यांची सकारात्मक, नकारात्मक, विभाग, विषय, घटना, व्यक्ती अशी वर्गवारी करणार. बातम्यांचा कल, मूड आणि सूर काय आहे याचा इशाराही देणार. दिशाभूल करणाऱ्या बातमीचा तातडीने खुलासा करता यावा, हा उद्देश सांगितला गेला.

खुलासा करायचा सरकारला पूर्ण हक्क आहे. बातमी चुकली असेल तर आम्हाला कळवा, आम्ही दुरुस्ती छापू. कित्येकदा छापलीही आहे. कात्रणं काढणंही नवीन नाही, जिल्हा माहिती कार्यालयांत ती पूर्वीपासून निघतात. पण कात्रण एक गोष्ट आणि 'व्यक्ती' नावाचा रकाना ही दुसरी गोष्ट. बातमी खरी की खोटी, असा प्रश्न असता तर मला काही म्हणायचं नव्हतं. सकारात्मक की नकारात्मक, हा वेगळाच प्रश्न आहे. गावातल्या पाणीपुरवठा योजनेची टाकी गळते ही बातमी शंभर टक्के खरी असते आणि शंभर टक्के नकारात्मकही असते. ती नकारात्मकच्या रकान्यात, बातमीदाराच्या नावासह जाऊन पडली, आणि त्याच महासंचालनालयाकडून सरकारी जाहिरातींचं वाटपही होतं, तर तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवणाऱ्या मालक-संपादकाने काय समजायचं?

त्याची परिस्थिती तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्या वाढदिवसाच्या जाहिराती त्याच्याकडेच येतात. शासनमान्य यादीवर अ, ब, क असे वर्ग असतात. क वर्गातल्या साप्ताहिकाला 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा दिवसांच्या आणि एखाद्या योजनेच्या जाहिराती मिळाल्या तर कागदाचं आणि छपाईचं बिल भागतं. त्या माणसाला कुणी धमकी देत नाही, फोन करत नाही. तो फक्त गळक्या टाकीची बातमी आतल्या पानावर घेतो. मग दोन परिच्छेदांची करतो. मग पुढच्या अंकाला ढकलतो. दरम्यान सरकारची प्रेस नोट आलेली असते, ती जशीच्या तशी पहिल्या पानावर जाते. शेजारच्या तालुक्यातल्या पेपरातही तीच, त्याच मथळ्याने. 1976मध्ये सेन्सॉर अधिकाऱ्याला जे लाल पेन्सिलीने करावं लागे, ते इथे संपादक स्वतःच करून टाकतो.

योजनांची माहिती लोकांपर्यंत पोचवणं हे सरकारचं कामच आहे. निराधार बाईला आपल्या हक्काचे पैसे कुठे आणि कसे मिळतात ते कळलंच पाहिजे. पण माहितीत अर्ज कुठे करायचा, कागद कोणते, नाकारला तर दाद कुठे, हे असतं. प्रचारात नेत्याचा फोटो मोठा असतो आणि दाद कुठे मागायची ते नसतं. फोटोंच्या या हव्यासाला सर्वोच्च न्यायालयाने 2015मध्ये लगाम घातला होता: सरकारी जाहिरातीत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो. केंद्र आणि राज्य सरकारं फेरविचारासाठी गेली आणि पुढच्याच वर्षी मुख्यमंत्र्यांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांचे फोटो परत आले. 2024मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आपल्या राज्याने 50,000 योजनादूत महिना 10,000 रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय घेतला. ग्रामपंचायतीला एक दूत. ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडी सेविका, आशा ताई, कृषी सहायक हे सगळे गावात असताना योजनांची माहिती सांगायला आणखी एक पगारी माणूस लागतो, यावर सभागृहात किती मिनिटं चर्चा झाली?

केंद्र सरकारने 2023च्या एप्रिलमध्ये नियम बदलून स्वतःच्या कारभाराविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच सत्यशोधन कक्षाकडे घेतला होता. त्याविरुद्धचे अर्जही मुंबई उच्च न्यायालयातच चालले. जानेवारी 2024मध्ये दोन न्यायाधीशांत मतभेद झाले, आणि 20 सप्टेंबर 2024ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. मसानींच्या निकालानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच न्यायालयाला जवळजवळ तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली.

हे झालं सरकारच्या बोलण्याबद्दल. ऐकण्याबद्दल माझी काळजी जास्त आहे, कारण तिथे न्यायालयात जायचं तर आधी आपलं ऐकलं जातंय हे कळावं लागतं, आणि ते कळवण्याची तरतूदच नाही.

फोन ऐकण्याचा अधिकार 1885च्या तार कायद्यातून आला. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीतरी असेल तरच तो वापरता येतो. राजकारण्यांचेच फोन टॅप झाल्याचं उघड झाल्यावर 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले, ते 2007मध्ये रीतसर नियमांत आले, आणि 2023चा नवा दूरसंचार कायदा आल्यावर डिसेंबर 2024मध्ये नव्या रूपात पुन्हा जारी झाले. रचना तीच राहिली. राज्यात आदेश गृह सचिव काढणार. आढावा समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव, सोबत विधी सचिव आणि आणखी एक सचिव. आदेश 60 दिवसांचा, जास्तीत जास्त 180 दिवसांपर्यंत वाढवता येणारा. एका सचिवाने सही करायची आणि तीन सचिवांनी ती बरोबर आहे का ते बघायचं. न्यायाधीश नाही, आमदार नाही, सरकारबाहेरचा एकही माणूस नाही.

आता या समितीपुढे काम किती येतं ते बघा. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांना महाराष्ट्र ओळखतो. मुंबईच्या 1992-93च्या दंगलींची चौकशी त्यांनी केली होती. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने 2018मध्ये माहिती संरक्षणावर अहवाल दिला. त्यात माहिती अधिकारातल्या एका उत्तराचा दाखला आहे: एकटं केंद्र सरकार दर महिन्याला 7,500 ते 9,000 आदेश काढतं. आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीत तिच्यापुढे 15,000 ते 18,000 आदेश येतात. हे अशक्यप्राय काम आहे, असं अहवालच म्हणतो. मी कागदावर मांडून बघितलं. समितीने जेवणालाही न उठता सलग आठ तास बैठक घेतली तर हातात 28,800 सेकंद येतात. 15,000 आदेशांना वाटले तर एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्यात नाव वाचून होत नाही, मग कारण पटतं की नाही हे कधी ठरवायचं? हे केंद्राचे आकडे आहेत. महाराष्ट्राचे आकडे काय आहेत ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहेत का?

अशा आदेशांची छाननी होते तेव्हा काय दिसतं, याची एक झलक मुंबईतच मिळाली आहे. ऑक्टोबर 2019मध्ये उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले. ते केंद्राचे होते. लाचखोरीचा तपास होता, पण सार्वजनिक आणीबाणी नव्हती की सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता. ध्वनिमुद्रणं नष्ट करा, असा हुकूम झाला. प्रकरण न्यायालयात आलं म्हणून हे कळलं. जी येत नाहीत त्यांचं काय?

आणि हा प्रश्न तुमच्यासाठी परका नाही. 2021च्या पावसाळी अधिवेशनात नाना पटोले यांनी सभागृहात सांगितलं की त्यांचा फोन 'अमजद खान' अशा नावाखाली टॅप केला गेला होता. पुढे आणखी लोकप्रतिनिधींची नावं आली. 2022मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले. सप्टेंबर 2023मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कुणाला दोषी ठरवणं हा माझा विषय नाही. मला एवढंच दिसतं की या राज्यातल्या निवडून आलेल्या माणसाला आपला फोन ऐकला गेला का, कुणाच्या सहीने, कशासाठी, हे कळायला कित्येक वर्षं लागली आणि तरीही पुरतं कळलं नाही. मग साध्या माणसाने कुठे जायचं? पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने 29 फोन तपासले, पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं का हे निश्चित सांगता आलं नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे 2022मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी सांगितलं. तिथेच ते थांबलं.

याचा परिणाम खाली कसा होतो ते मी रोज बघतो. मला माहिती देणारे एक शिक्षक आहेत. शालेय पोषण आहाराचा तांदूळ भिजलेला आला, तेलाचे डबे मोजून कमी भरले, अशा गोष्टी ते पूर्वी फोन करून सांगायचे. आता त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फोनवर नको, भेटून बोलू." भेटायला येतात ते मोबाइल गाडीच्या डिकीत ठेवून येतात. कार्यालयातल्या खुर्चीवर बसले की आधी माझ्या मोबाइलकडे बघतात, मी तो बाहेर ठेवून येतो, मग बोलायला सुरुवात करतात. त्यांचा फोन कुणी ऐकत असेल असं मला मुळीच वाटत नाही. भिजलेल्या तांदळासाठी गृह सचिव सही करत नाहीत. पण त्यांना तसं वाटतं, आणि त्यांचं काही चुकतंय असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण मला दाखवायला काहीच नाही. वर्षभरात राज्यात पाचशे आदेश निघाले, सगळे गंभीर गुन्ह्यांतले, असा आकडा माझ्या हातात असता तर मी तो त्यांच्यापुढे ठेवला असता. तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवून यायचं त्यांना दर वेळी जमत नाही. त्यामुळे आता ते पूर्वीच्या निम्म्याही गोष्टी सांगत नाहीत. त्या शाळेतल्या मुलांच्या ताटात काय पडतं ते मला कळत नाही, म्हणजे तुम्हालाही कळत नाही.

त्यात 2025च्या जुलैत सरकारी कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक आलं की समाजमाध्यमांवर राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणांवर टीका करायची नाही. त्याच महिन्यात तुम्ही दोन्ही सभागृहांत विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केलं. संयुक्त समितीकडे लोकांच्या 12 हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. लोकांनी एवढ्या मोठ्या संख्येने विधेयकाचा मसुदा वाचून लेखी म्हणणं द्यावं, ही या राज्यातली मोठीच गोष्ट होती. नक्षलवादाचा बंदोबस्त हवाच, गडचिरोलीत माणसं मेली आहेत, पोलीसही मेले आहेत. पण बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांना आणि खुणांनाही बेकायदा कृत्याच्या व्याख्येत जागा देणारा कायदा एकीकडे, आणि कोण काय बोलतंय हे ऐकण्याचा हिशेब न देणारी व्यवस्था दुसरीकडे. दोन्ही एकाच सरकारच्या हातात असताना तुम्ही बाहेरून बघणारा कुणी ठेवला आहे का? असलाच तर तो तुम्हीच आहात. घटनेने ते काम तुम्हाला दिलं आहे.

पोलिसांचं म्हणणं मला माहीत आहे. खंडणीखोर, दहशतवादी, मुलींना पळवणाऱ्या टोळ्या फोनवरूनच पकडल्या जातात. खरं आहे. पण एकूण आकडा जाहीर झाल्याने एकही गुन्हेगार सावध होत नाही. अमेरिकेत न्यायालयांच्या परवानगीने झालेल्या टॅपिंगचा अहवाल दर वर्षी प्रसिद्ध होतो. ब्रिटनमध्ये 2016च्या कायद्यानंतर मंत्र्याच्या सहीबरोबर न्यायिक आयुक्ताची मंजुरी लागते आणि वार्षिक अहवाल संसदेत जातो. जर्मनीत, जिथे पूर्वेकडच्या भागाने चाळीस वर्षं श्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेची पाळत भोगली, ऐकणं संपल्यावर, धोका उरला नसेल तर, त्या माणसाला कळवण्याची कायद्यात तरतूद आहे. या देशांनाही दहशतवाद ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, दूरसंचार हा केंद्राचा विषय. कायदा केंद्राचाच आहे. तो संसदेत संमत झाला तेव्हा विरोधी पक्षांचे शंभरावर खासदार निलंबित होऊन बाहेर होते, महाराष्ट्रातलेही त्यांत होते, ही खंत वेगळी. पण राज्याचा आदेश राज्याचे गृह सचिव काढतात, आढावा राज्याचे मुख्य सचिव घेतात, आणि दोघेही या सभागृहाला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाखाली काम करतात. जाहिराती तर पूर्णपणे राज्याच्या तिजोरीतून जातात. यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. घाई मात्र आहे, कारण नियमांप्रमाणे या आदेशांच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात. मोजायचं असेल तर त्या हातात असतानाच मोजावं लागेल.

म्हणून येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी कुणीही एकाने हा प्रश्न टाकावा. तारांकित म्हणून टाका, म्हणजे उत्तरावर उपप्रश्न विचारता येतील. मजकूर मी लिहून देतो:

"मुख्यमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: गेल्या तीन वर्षांत प्रत्येक वर्षी राज्याच्या गृह विभागाने दूरध्वनी व संदेश ऐकण्याचे किती आदेश काढले, त्यांपैकी किती आदेशांना मुदतवाढ दिली, आढावा समितीच्या किती बैठका झाल्या, त्यांत किती आदेश तपासले आणि किती रद्द केले, माध्यम संनियंत्रण केंद्रात व्यक्तिनिहाय वर्गवारी ठेवली जाते काय, असल्यास ती कोणाला पाहता येते, आणि याच तीन वर्षांत शासकीय जाहिरातींवर वृत्तपत्रनिहाय, वाहिनीनिहाय व समाजमाध्यमनिहाय किती खर्च झाला?"

उत्तर आलं की आम्ही ते जसंच्या तसं छापू. उत्तर नाकारलं तर प्रश्न कुणी विचारला आणि कुणी नाकारला, हे छापू. प्रश्न विचारणारा सत्ताधारी बाकांवरचा असेल तर त्याचं नाव पहिल्या पानावर घेऊ, आणि हा शब्द मी माझ्या संपादकांना विचारून देतो आहे.

आपला,
एक जिल्हा वार्ताहर